लोगो फ्लेक्सवर का ‘फाटतो’? व्हेक्टर ॲप समजून घेताना

गणपती जवळ आले की बडोद्यातल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रवेश हमखास रंगतो. कोणीतरी मंडळाचा लोगो फ्लेक्सच्या दुकानात पाठवलेला असतो आणि तिकडून उत्तर येतं, ‘‘आ फोटो नहीं चाले, मोटो करीशुं तो फाटी जशे. सीडीआर आपो.’’ मग शोधाशोध. सीडीआर, म्हणजे कोरल ड्रॉ या ॲपमधली मूळ फाइल, कोणाकडे आहे? ज्याने बनवली त्याच्याकडे. तो कुठे आहे? कॅनडात. तेवढ्यात एखादे काका त्याच लोगोचा स्क्रीनशॉट पुन्हा टाकतात आणि विचारतात, ‘‘हा चालेल का? हा जरा मोठा आहे.’’

काकांचा स्क्रीनशॉट का चालत नाही आणि सीडीआर का चालते, हे कळलं की व्हेक्टर चित्रं काढणाऱ्या ॲपमधली निम्मी बटणं आपोआप कळतात. कोरल ड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप अशी नावं वेगवेगळी असली तरी सगळ्यांचा पाया एकच आहे.

फोटो मोठा केला की काय होतं?

मोबाइलमधला फोटो म्हणजे रंगीत चौकोनी कणांची जाळी. या कणाला पिक्सेल म्हणतात, आणि अशा चित्राला रास्टर. व्हॉट्सॲपवरून आलेला लोगो समजा ८०० पिक्सेल रुंद आहे. तो १० फूट रुंद फ्लेक्सवर पसरायचा, म्हणजे १२० इंचांत ८०० कण. इंचाला सात कणसुद्धा येत नाहीत. एकेक कण जवळजवळ ३.८ मिलिमीटरचा होतो. गणपतीच्या सोंडेची गोलाई मग पायऱ्यापायऱ्यांची दिसते. दुकानदाराच्या भाषेत, फाटते.

‘मग मोठाच फोटो बनवू’ हा उपाय सुचतो, पण त्याचा हिशेब करून बघा. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स, इंचाला १०० पिक्सेल धरले तर १२,००० गुणिले २४,००० म्हणजे २८ कोटी ८० लाख पिक्सेल. प्रत्येकाला रंगासाठी तीन बाइट, म्हणजे सुमारे ८६४ एमबी. फ्लेक्सचा अर्धा भाग नुसता भगवा असला तरी त्या कोऱ्या भगव्यातला एकेक कण संगणक मोजून सांभाळतो. लहान फोटो ॲपमध्ये ओढून मोठा केला तर नवी माहिती येत नाही. शेजारच्या दोन रंगांवरून मधला रंग अंदाजाने भरला जातो, आणि पायऱ्यांच्या जागी धूसरपणा येतो.

व्हेक्टरमध्ये चित्र नसतं, कृती असते

ठिपक्यांची रांगोळी फोनवरून सांगता येते. अमुक ठिपके, अमुक ओळी, मधला सोडून चारी बाजूंचे जोड, मग पाकळ्या. ऐकणारी ती तुळशीपुढे वीतभर काढो की सोसायटीच्या फाटकासमोर पाच हात, रेघ सुबकच येते. व्हेक्टर फाइल ही अशी फोनवर सांगितलेली रांगोळी आहे. तिच्यात वर्तुळाचे लाखो कण नसतात. तिच्यात एवढंच लिहिलेलं असतं : मध्य इथे, त्रिज्या एवढी, आतला रंग हा, काठाची रेघ इतकी जाड.

हे अक्षरशः लिहिलेलं असतं. एसव्हीजी नावाचा व्हेक्टर फाइलचा खुला प्रकार आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तो २००१ साली प्रमाण म्हणून जाहीर केला. एसव्हीजी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर वर्तुळ, आयत, रेघ यांचे शब्द आणि त्यांचे आकडे वाचता येतात. एका वर्तुळाची फाइल काही शे अक्षरांत संपते, मग ते वर्तुळ बिल्ल्यावर छापा नाहीतर कमानीवर.

इथे चौकस वाचक विचारेल, पडदा असो की प्रिंटर, शेवटी ठिपकेच ना? बरोबर. पण ते ठिपके पाडायचं काम व्हेक्टरमध्ये अगदी शेवटी होतं, समोरच्या यंत्राच्या ताकदीप्रमाणे. फोटोत ते आधीच होऊन गेलेलं असतं आणि मागे फिरता येत नाही.

वाकडी रेघ आकड्यांत कशी बसते?

वर्तुळ आणि चौकोन समजले. सोंडेचं काय? तिला कुठलं सूत्र?

याचं उत्तर मोटारींच्या कारखान्यांतून आलं. १९५० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये गाड्यांच्या गोलसर पत्र्यांची मापं यंत्राला आकड्यांत कशी द्यायची हा प्रश्न होता. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये एक रीत शोधली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे त्याच वक्रांवर काम केलं आणि ते जाहीर केलं, म्हणून नाव बेझिए वक्र असं पडलं. शोधण्याइतकंच जाहीर करणंही महत्त्वाचं असतं म्हणायचं.

रीत कागदावर करून बघण्यासारखी आहे. चार बिंदू घ्या आणि क्रमाने जोडा; तीन रेघा होतील. प्रत्येक रेघेचा मध्य काढा : तीन मध्य. ते जोडून पुन्हा मध्य काढा : दोन. ते दोन जोडून शेवटचा मध्य काढा. हा एकुलता बिंदू वक्रावरचा आहे. मध्याऐवजी एक तृतीयांश, एक चतुर्थांश असं अंतर घेऊन तेच करत गेलात की सगळा वक्र उमटतो. पहिला आणि चौथा बिंदू वक्राची टोकं असतात. मधले दोन सहसा वक्रावर नसतात, ते बाजूला उभे राहून त्याला आपल्याकडे ओढतात. ॲपमध्ये टोकाच्या बिंदूला नोड म्हणतात आणि ओढणाऱ्या बिंदूला हँडल. हँडलची दिशा सांगते की रेघ नोडातून कुठल्या रोखाने निघेल. त्याची लांबी सांगते की त्या रोखाने किती दूरवर रेटली जाईल.

१८९० साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलेलं कलाभवन पुढे विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झालं. तिथे ड्रॉइंगच्या तासाला फ्रेंच कर्व्हची, म्हणजे गोलाया काढायची वळणदार पट्टी फिरवत घाम गाळलेले लोक बडोद्यात घरोघरी आहेत. त्यांना हँडल म्हणजे काय हे एका मिनिटात कळतं. बाकीच्यांना अर्धा तास खेळावं लागतं, एवढाच फरक.

एक गंमत. बेझिए वक्राने पूर्ण अचूक वर्तुळ काढताच येत नाही. चार तुकड्यांत काढलं आणि प्रत्येक हँडल त्रिज्येच्या ०.५५२ पट ठेवलं तर चूक जास्तीत जास्त ०.०२७ टक्क्यांच्या आसपास राहते. १० फूट व्यासाच्या वर्तुळात ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरते. फ्लेक्स त्याहून जास्त सुरकुततो.

नोड कमी, आकार सुबक

माझ्या मते ॲप शिकणं म्हणजे मुख्यतः एवढंच : कमीत कमी नोडांत आकार बसवणं. नवशिके उलट करतात. मोदक गिरवायचा तर काठाकाठाने पंचवीस टिचक्या मारतात आणि मग मोदक चेपलेला का दिसतो म्हणून विचारतात. प्रत्येक नोड ही आकार बिघडायची एक जागा असते.

मोदकाचा अर्धाच भाग काढा. तीन नोड पुरतात. एक वरच्या टोकावर, एक पोट सगळ्यात बाहेर येतं तिथे, एक तळाच्या मधोमध. पोटाच्या नोडाची हँडलं अगदी उभी ठेवा आणि तळाच्या नोडाचं अगदी आडवं. टोकाचा नोड कोपऱ्याचा, म्हणजे त्याची हँडलं एकमेकांची पर्वा न करता कुठेही वळू शकतात. पोटाचा नोड मऊ, म्हणजे त्याची दोन्ही हँडलं एका रेघेत राहतात. टोकाकडून पोटाकडे येताना रेघ आधी आत आणि मग बाहेर वळते, तेवढं वळण दोन हँडलांत बसतं. आता अर्ध्या भागाची नक्कल करा, आडवी उलटवा, दोन्ही अर्धे मध्यरेषेवर जुळवून एक करा. तळाचं हँडल आडवं नसेल तर जोडावर खळगा पडेल. असेल तर कुठे जोडलंय ते शोधूनही सापडणार नाही.

नोड गोलाईच्या सगळ्यात वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या टोकाला ठेवायचे आणि हँडल उभं किंवा आडवं, ही फॉन्ट बनवणाऱ्यांची जुनी शिस्त आहे. नोड जास्त झालेच तर इंकस्केपमध्ये ‘सिम्प्लिफाय’ नावाची आज्ञा आहे. ती नोड कमी करते, पण आकारही थोडा वितळवते. नोड हाताने काढलेले बरे.

जोडणं, कापणं, नकला

बाकीच्या सोयी आता भराभर समजतील. ‘युनियन’ दोन आकार जोडून एक करतं. ‘डिफरन्स’ वरच्या आकाराने खालच्यातून तुकडा कापतं. मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ कापलं की लोगोचं कडं तयार. ‘फिल’ म्हणजे आतला रंग, ‘स्ट्रोक’ म्हणजे काठाची रेघ. लेयर म्हणजे थर. अक्षरं एका थरावर, चित्र दुसऱ्यावर, आणि गिरवायला घेतलेला फोटो सगळ्यात खाली कुलूप लावून.

स्ट्रोकबद्दल मात्र सावध राहायला हवं. लोगो दहापट मोठा केला की रेघ दहापट जाड व्हावी की होती तेवढीच राहावी, हे ॲपमधली एक सेटिंग ठरवते. ती बंद असेल तर बिल्ल्यावर ठसठशीत दिसणारा काठ कमानीवर दोऱ्यासारखा होतो. लोगो पक्का झाला की रेघेचंच आकारात रूपांतर करून टाकावं. इंकस्केपमध्ये याला ‘स्ट्रोक टू पाथ’ म्हणतात. मग वाद उरत नाही.

आणि क्लोन. साधी नक्कल मूळ चित्रापासून तुटलेली असते, क्लोन जोडलेला राहतो. मूळ पाकळी बदलली की सगळ्या पाकळ्या बदलतात. इंकस्केपमध्ये क्लोनांची फरशी बसवायची सोय आहे, आणि सपाट पृष्ठभागावर नक्षी पुन्हापुन्हा येण्याचे जे १७ प्रकार गणितात सिद्ध झाले आहेत ते सगळेच्या सगळे त्यात निवडता येतात. मंडपाच्या पडद्यासाठी नक्षीची पट्टी करायला बसाल तर या एका खिडकीत संध्याकाळ जाईल. जाऊ द्या.

मराठी अक्षरांचं दुखणं

खरी मारामारी अक्षरांशी असते. इंग्रजीतली सूत्रं इथे पुरत नाहीत.

पहिली गोष्ट, फॉन्ट. व्हेक्टर फाइलमध्ये मजकूर ‘मजकूर’ म्हणूनच राहतो. तो कुठल्या वळणाने दिसेल ते दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट आहे की नाही यावर ठरतं. बडोद्यातल्या दुकानात गुजराती फॉन्ट ढीगभर असतील, तुमचा देवनागरी असेलच असं नाही. जुने मराठी फॉन्ट तर आतून रोमन अक्षरांच्या जागा वापरतात. तो फॉन्ट नसला की मंडळाचं नाव कुठल्याशा गुप्त लिपीतलं पत्र वाटतं. म्हणून दुकानदार सांगतो, ‘‘कर्व करीने आपो.’’ अक्षरांचं नोड आणि हँडलांच्या आकारांत रूपांतर करायचं; मग फॉन्ट लागतच नाही. इंकस्केपमध्ये हीच आज्ञा ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ या नावाने आहे. पण कर्व केल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, तिथे अक्षर उरलेलंच नसतं. कर्व करण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने ठेवायचीच, आणि कर्व करण्याआधी शुद्धलेखन घरातल्या सगळ्यात खडूस माणसाला दाखवायचं.

दुसरी गोष्ट, जोडाक्षरं. ऱ्हस्व वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसते त्याच्या आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ही जुळवाजुळव ॲपला यावी लागते, आणि सगळ्यांना ती येत नाही. नवं ॲप घेताना ‘विद्यार्थिनी’ आणि ‘दऱ्याखोऱ्या’ हे दोन शब्द टाइप करून बघा. वेलांटी आणि ऱ्य जागच्या जागी बसले तर पुढे जा.

ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी असतात. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं ॲपला सांगितलं की मराठी उमटतात. नाहीतर हिंदी. गुजराती दुकानदाराला हा फरक दिसणार नाही. मंडळातल्या निवृत्त शिक्षकांना मात्र पहिल्यांदा तोच दिसेल.

आता एक अशी अडचण जी इंग्रजी शिकवण्यांत सहसा सापडत नाही. गाडीच्या काचेवर लावायचं नाव व्हायनल, म्हणजे चिकटवायचं रंगीत प्लास्टिक, कापणाऱ्या यंत्रावर निघतं. यंत्राला रंग कळत नाही, फक्त आकाराची कडा कळते; कडा दिसली की पातं फिरतं. देवनागरीत प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेघ असते आणि शेजारच्या दोन रेघा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. पडद्यावर ते अखंड दिसतं. यंत्र मात्र प्रत्येक जोडावर काप देतं आणि ‘जय गणेश’ची पाच अक्षरं सुटी होऊन हातात येतात. उपाय सोपा आहे : कर्व केल्यावर प्रत्येक शब्दातली सगळी अक्षरं निवडून युनियन करा. कोरलमध्ये यालाच ‘वेल्ड’ म्हणतात. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत लेझरने पितळी पाटी कापून घ्यायची असेल तरी हेच करावं लागतं. तिथे फक्त फाइल डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारातली मागतात, आणि तीही इंकस्केपमधून निघते.

‘एवढं कशाला? ऑटो ट्रेस आहे, एआय आहे’

आहे. फोटोवरून आपोआप व्हेक्टर करणारी आज्ञा बहुतेक ॲपांत असते. चित्र दोनतीन सपाट रंगांचं, मोठं आणि स्वच्छ असेल तर ती छान चालते. कागदावर काळ्या स्केचपेनने काढलेली सही स्कॅन करून बघा. पण काकांच्या स्क्रीनशॉटवर चालवली तर यंत्र पायऱ्यासुद्धा प्रामाणिकपणे गिरवतं. शेकडो नोडांचा गुंता हाती येतो, आणि गोलाई सुधारायला पुन्हा हातच लागतो. फाइल नावाला व्हेक्टर झाली, सूचना म्हणून ती निरुपयोगी.

एआयचे चित्र काढणारे बहुतेक मार्ग पिक्सेलच देतात. कल्पना म्हणून ते चित्र घ्या, खालच्या थरावर ठेवा आणि वर आपल्या नोडांनी गिरवा. साधा लोगो गिरवायला फार वेळ लागत नाही.

‘आमची फाइल पीडीएफ आहे, म्हणजे व्हेक्टरच ना?’

असेलच असं नाही. पीडीएफच्या पोटात व्हेक्टरही राहतो आणि फोटोही. जेपीईजी फोटो पीडीएफ करून पाठवला तर तो फोटोच राहतो, फक्त पत्ता बदलतो. ओळखायचं कसं? फाइल उघडून मोठी करत जा. कडा शेवटपर्यंत धारदार राहिली तर व्हेक्टर, पायऱ्या दिसल्या तर फोटो.

उलट, सगळंच व्हेक्टर करायचा हट्टही नको. गेल्या वर्षीच्या मूर्तीचा फोटो फोटोच राहायला हवा; त्यातल्या सावल्या नोडांत मावत नाहीत. फोटो आणि व्हेक्टर एकाच फाइलमध्ये सुखाने नांदतात. फक्त फोटो आणताना ॲप विचारतं, आत ठेवू की बाहेरून जोडू? ‘आत’ म्हणा. जोडलेला फोटो तुमच्या संगणकावर राहतो आणि दुकानात त्या जागी रिकामा चौकोन पोचतो.

‘महाग असेल’

कोरल आणि इलस्ट्रेटर विकत घ्यावे लागतात. इंकस्केप २००३ पासून आहे आणि फुकट आहे. त्याचा मूळ कोडही खुला आहे. ॲफिनिटी हे एरवी विकत मिळणारं ॲप कॅनव्हा कंपनीने २०२४ मध्ये घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मोफत केलं. त्यासाठी कॅनव्हाचं खातं मात्र लागतं. मंडळासाठी मी इंकस्केप सुचवीन. ते जुन्या संगणकावर चालतं आणि त्याची मूळ फाइल एसव्हीजीच असते, म्हणजे उद्या ते ॲप बदललं तरी फाइल अडकून पडत नाही. तसं त्याचं वागणं कधीकधी मंद असतं, आणि मोठ्या फाइलवर ते रुसतं.

पण दुकानदाराला सीडीआरच हवी, त्याचं काय? सीडीआर हा कोरलचा स्वतःचा प्रकार, आणि नव्या कोरलची फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, त्यामुळे सीडीआर दिली तरी घोळ होतोच. कर्व केलेली पीडीएफ द्या. कोरल ती उघडतं, आणि दुकानदाराला खरं तर तेवढंच हवं असतं. ‘सीडीआर’ हा त्याच्या तोंडी बसलेला शब्द आहे.

रंगाचं थोडक्यात. पडदा लाल, हिरव्या, निळ्या उजेडाने रंग दाखवतो; छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईने. पडद्यावरचा झगझगीत भगवा या चार शायांच्या आवाक्यात पुरता येत नाही, तो थोडा मातकट छापला जातो. इंकस्केप मुळात पडद्याच्या रंगांत काम करतं, त्यामुळे शेवटचं रंगांतर दुकानात होतं आणि यंत्रागणिक बदलतं. म्हणून भगव्या रंगाचा फूटभर तुकडा आधी छापून मागायचा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात दुकानदार कुरकुरेल. श्रावणात गेलात तर देईल.